लांबी एक

“मॅडम, तो सगळा कचरा एकदाचा काढून टाका,” माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत सोसायटीचे सेक्रेटरी मालंडकर म्हणाले. “आणि पेटी चालू करा. बाकीचा काय ता मागसून बघू.”

“कुठला कचरा?”

“ते कोरे मेसेज. ते साठले की पेटी गच्च होता, असा तुमच्याच माणसान सांगल्यान.”

माझा माणूस म्हणजे निखिलेश गद्रे. आमची दोघांची छोटी कंपनी कुडाळात होती. मच्छिमार सोसायटीची ही यंत्रणा त्याने लिहिली, किनाऱ्यावर येऊन तांडेलांना, म्हणजे होडीच्या कप्तानांना, शिकवलीही, आणि पुण्याला बरी नोकरी मिळाल्यावर निघून गेला. सांभाळायचं काम माझ्याकडे राहिलं. दुसऱ्याने लिहिलेलं सांभाळणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पंगत वाढणं. हळद कुठल्या डब्यात ते त्यालाच माहीत, आणि तो फोन उचलत नाही.

यंत्रणा तशी साधी होती. बटनांच्या मोबाइलचा काळ होता तो. प्रत्येक होडीवर एक मोबाइल, त्याचा नंबर सोसायटीत नोंदवलेला. समुद्रात वादळाचा इशारा आला की तांडेलाने जवळच्या बंदरात आसरा घ्यायचा आणि सोसायटीच्या नंबरवर मेसेज धाडायचा: बंदराचं नाव, आणि पुढे ‘पोचलो’. कॉम्प्युटरला जोडलेल्या सिमकार्डाच्या पेटीत तो मेसेज येई, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्या होडीची तांबडी ओळ हिरवी होई. घरच्या माणसांना बघता यावं म्हणून स्क्रीन दालनात लावलेला होता.

वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकून गेलं होतं. गावात दोन दिवस वीज नव्हती, टॉवर नव्हता, सोसायटीचा लँडलाइन तर पहिल्याच वाऱ्याला गेला होता. टॉवर सकाळी उठला. अडकलेले मेसेज एकदम आले, ओळी भराभर हिरव्या झाल्या, बायका देवाचं नाव घेत घरी गेल्या. मग पेटी अडली. पडलेली झाडं चुकवत मी दुपारी पोचले, तेव्हा जनरेटरच्या घरघरीत एकच ओळ तांबडी होती. सातेरी. तांडेल विश्राम कोयंडे.

समोरच्या बाकावर त्यांची बायको जयवंती बसली होती. शेजारी मासळीची रिकामी पाटी, पाटीत बंद पडलेला मोबाइल.

“गो बाय,” ती मला म्हणाली, “तुझो कॉम्प्युटर मुको झालो काय भायरो?”

“भायरो. ऐकूच येत नाहीये त्याला.”

“मगे कान फुकून बघ. माज्या झिलाक भरतीक जावचा आसा.”

तिचा मुलगा रूपेश खाली जेटीवर मामाच्या ट्रॉलरचं इंजिन तापवत होता. तटरक्षक दलाला कळवलेलं होतं, त्यांची बोट शोध घेत होती, पण समुद्र मोठा आणि बोट एक. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. भरती पूर्ण असतानाच तो ओलांडता येई. त्या दिवशी दांड्यावर लाटा फुटताना सोसायटीच्या खिडकीतून दिसत होत्या. रूपेश आणि त्याच्याबरोबरचे दोघे त्यातून बाहेर पडणार होते, कारण बाप सापडत नव्हता. भरती भरत आली होती.

पेटीचा अँटेना कौलांवर होता, म्हणून तिला रेंज होती. मला नव्हती. माझ्या मोबाइलला रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात, तीही कठड्यावर पोट टेकून बाहेर वाकलं तर. मी तशी वाकले. निखिलेशने सहाव्या की सातव्या वेळी फोन उचलला.

“मीटिंगमध्ये आहे.”

“सिम भरलंय का?”

“भरलंच असणार. रिकामे मेसेज आपण विचारात घेत नाही, पण पुसतही नाही. तिथेच पडून राहतात. डिलीट ऑल मार.”

“विचारात घेत नाही तर पुसत का नाहीस?”

“घाई होती तेव्हा.”

“आणि मेसेज रिकामा आहे हे कसं ठरवतोस?”

“ट्रिम करतो. मागची-पुढची मोकळी जागा काढून टाकायची. मग उरलं काही तर मेसेज, नाही उरलं तर रिकामा. सगळं जग असंच करतं.”

“म्हणजे ज्यात काहीच नाही तो मेसेज आणि ज्यात नुसती एक स्पेस आहे तो मेसेज, तुझ्या लेखी सारखे.”

“दोन्हीत वाचायला काय आहे? तू मला मीटिंगमधून उठवून तत्त्वज्ञान विचारतेयस?”

रेंज गेली. मी आत आले.

“काय म्हणता तो?” मालंडकरांनी विचारलं.

“पुसा म्हणतो.”

“मीही तेच सांगतंय.”

“आधी बघते.”

“रिकाम्यात काय बघायचा? पाटी रिकामी असली तर मी लिलावात तिचेर बोली लावतंय?”

“काकानू,” मी त्यांना म्हटलं, “वाचल्याशिवाय मी काही पुसत नाही. पुसलेलं परत येत नाही, आणि मग मलाच विचारतात.”

“थय पोरगो होडी सोडता, नि तुमी हय कोरे कागद चाळतास!” त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचं चूक नव्हतं. मलाही स्वतःचाच राग येत होता. पण निखिलेशच्या कामाचा अनुभव होता. त्याच्या ‘बाकी काही नाही’ या तीन शब्दांखाली मला दर वेळी काही ना काही सापडलं होतं.

सिममधले सगळे मेसेज मी स्क्रीनवर ओतले. नंबर, वेळ, मजकूर. मजकुराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

“बघा,” मालंडकर म्हणाले. “झाला समाधान?”

मी आणखी एक रकाना मागवला. मजकुराची लांबी. ट्रिम न करता.

शून्य. शून्य. शून्य. एक. शून्य. शून्य. एक. शून्य. आणि शेवटून दुसरा, आज सकाळचा, एक.

‘एक’ असलेले तीनही मेसेज एकाच नंबरवरून आले होते. तो नंबर मी नोंदणीत शोधला आणि हात कीबोर्डवरून उचलला. मालंडकरांनी वाकून वाचलं, आणि मोठ्याने वाचलं. ते मला नको होतं.

“सातेरी!”

जयवंती उठून उभी राहिली. पाटी बाकावरून खाली पडली.

“काय लिवल्यान?”

“थांबा,” मी म्हटलं. “लिहिलेलं काही नाही.”

“मेसेज इलो म्हणतास, नि लिवल्यान नाय म्हणतास?”

“मेसेज आलाय. तीनदा आलाय. काल दोन, आज सकाळी एक. त्यात अक्षर नाही. फक्त एक मोकळी जागा आहे. दोन शब्दांच्या मधे सोडतो तेवढी.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला मासळीऐवजी मासळीचा वास विकत होते.

“खिशात दाबलो गेलो असतलो,” मालंडकर म्हणाले. “वयनी, तू आशेर रवू नको. खिशात मोबाइल दाबतत, नि असले मेसेज येतत. महिनोभर माका हेंनी हैराण केलेला. म्हणान तर मी ह्येंका सांगलंय, कोरे मेसेज टाकून दिया.”

“ते तुम्ही सांगितलंत?” मी विचारलं.

“मगे कोण? दर मेसेजाक पेटी टूं करता, मी धावत येतंय, नि बघतंय तर काय नाय!”

मी परत व्हरांड्यात गेले आणि कठड्यावर वाकले. खाली जेटीवर रूपेश दोर सोडवत होता. वर बघून त्याने हाताने विचारलं, काय? मी हाताने सांगितलं, थांब. त्याने खाडीकडे बोट दाखवलं. पाणी चढायचं थांबलं होतं.

“निखिलेश, एकच सांग आणि जा. खिशात दाबला जाऊन मेसेज गेला तर त्याची लांबी एक येईल?”

“कोणता हँडसेट?”

“मला काय माहीत?”

“काही हँडसेट पूर्ण रिकामा मेसेज पाठवतात. त्यांची लांबी शून्य. काही पाठवूच देत नाहीत, आधी काहीतरी लिहा म्हणतात. तिथे निदान शून्याचं बटन तरी दाबावं लागतं. स्पेस तिथे असते. का? कोणाचा आहे?”

“एक तांडेल सापडत नाहीये. तू ट्रिम केलायस त्याला.”

फोन तुटला. रेंज गेली की त्याने ठेवला, कळलं नाही.

आत येऊन मी जयवंतीला विचारलं, “यजमानांचा मोबाइल कसला आहे?”

“ह्योच.” तिने पाटीखालून तिचा मोबाइल काढला. “दोन एकदम घेतले. एक होडयेर, एक घरात. मेल्यात दोन दिवस जीव नाय.”

मालंडकरांच्या टेबलाखालच्या प्लगला आम्ही तो लावला. सुरू व्हायला त्याने इतका वेळ घेतला, की मालंडकर त्याला आईबापावरून बोलू लागले. मी कोरा मेसेज उघडला, सोसायटीचा नंबर घातला आणि काही न लिहिता ‘पाठवा’ दाबलं. मोबाइलने चिडल्यासारखा आवाज काढला. मजकूर नाही. पुन्हा दाबलं. मजकूर नाही. मग शून्याचं बटन एकदा दाबलं. पांढऱ्या पडद्यावर काहीच उमटलं नाही, फक्त ती उभी लुकलुकणारी रेघ एक घर पुढे सरकली. ‘पाठवा’ दाबलं, आणि मेसेज गेला.

दाराशी पावलं वाजली. रूपेश वर आला होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

“आवशी, मी निघतंय. पाणी फिरतला आता.”

“रव रे जरा,” जयवंती म्हणाली.

मी त्याला सांगितलं. थोडक्यात, दोनदा. त्याला कॉम्प्युटरचं काही सांगावं लागलं नाही, मोबाइलचं लगेच कळलं.

“म्हणजे बटन कोणीतरी दाबलेला आसा,” तो म्हणाला. “मुद्दाम.”

“मुद्दाम. तीनदा.”

“बरा. पण खयसून? किनारो जवळ असलो तर समुद्रातसूनव रेंज गावता. इंजिन बंद पडला, होडी वाहवता, नि हात गारठलेत म्हणान एकच बटन दाबल्यान असला तर?”

मजकुराची लांबी एक आहे, एवढंच मला ठाऊक होतं. त्या एकात माणूस जमिनीवर आहे की पाण्यात, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. आम्ही त्या नंबरवर लावून बघितलं. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

“मगे मी जातंय,” रूपेश म्हणाला.

“सगळ्यांनी लिवल्यानी,” मालंडकर वैतागून म्हणाले. “अंगठे उठवणाऱ्यांनी लिवल्यानी. ह्याकाच ‘पोचलो’ लिवक काय झालेला? सातवी शिकलेलो माणूस!”

“तो शब्द ते लिवचे नाय,” जयवंती म्हणाली.

“कित्याक पण?”

“तुमका म्हायत नाय? आत्मारामाचा?”

मालंडकरांना आठवलं. मला माहीत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे वळून बोलली. आत्माराम तिचा दीर. बऱ्याच वर्षांमागे अशाच वाऱ्यात त्याने कारवारच्या बाजूला आसरा घेतला आणि तिथून येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर घरी निरोप धाडला: पोचलो, काळजी करू नका. घरात गोडाचा शिरा झाला. दोन दिवसांनी घरी येताना, गाव दिसत असताना, त्याच वाळूच्या दांड्यावर होडी उलटली. तेव्हापासून विश्राम कोयंडे घरच्या पुळणीवर पाय ठेवल्याशिवाय तो शब्द उच्चारत नव्हते. बाजाराला जाऊन आले तरी उंबऱ्यात ‘इलंय’ म्हणत. बाहेरून तर कधीच नाही.

“मेल्या मोबाइलार माका नुसती रिंग देतत, नि कापतत,” ती म्हणाली. “तेवढीच. ह्यो बंद होतो, म्हणान रिंगय नाय.”

“तरी पण आवशी,” रूपेशने दाराची चौकट धरली, “कोरो म्हणजे पोचलो, असा बाबांनी कोणाक सांगल्यानी काय? नाय ना?”

मालंडकर खुर्चीत बसले. हळू, पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत मागे सरकत. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात वर केले.

“माका सांगल्यान,” ते म्हणाले.

“काय?”

“त्या शिकवणीच्या दिवशी. हय व्हरांड्यात. तुमचो तो गद्रे फळ्यार लिवन दाखवी होतो. विश्राम उठलो नि म्हणालो, सेक्रेटरीनू, माका तो शब्द लिवक जमाचो नाय, मी कोरो धाडलंय तर चलात? नंबरावरसून मी कोण ता कळताच.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलंय, चलात, चलात. चाय गार होय होती.”

“म्हणजे कोरा मेसेज चालेल, हे तुम्ही त्यांना सांगितलंत,” मी म्हणाले. आवाज चढू नये म्हणून मी एकेक शब्द सुटा केला. “आणि कोरे मेसेज टाकून द्या, हे आम्हाला सांगितलंत.”

“मधे महिनो गेलो हो!”

“आम्हाला एका शब्दाने सांगायचं होतं.”

“तुमी इचारल्यात खय?”

मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून सगळा संपवला.

रूपेश आईकडे बघत होता. आता आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो, कारण ठरवायचं तिला होतं. कोऱ्या मेसेजवर भरवसा ठेवला आणि नवरा पाण्यात असला, तर ही भरती गेल्यावर रात्रीपर्यंत कोणीच बाहेर पडू शकणार नव्हतं. भरवसा ठेवला नाही, तर मुलगा त्या दांड्यावर जाणार होता, जिथे दीर गेला होता.

“अडचणीत असते तर लिवले असते,” ती अखेर म्हणाली. “अडचण सांगूक त्येंका कसली लाज नाय. मीठ कमी पडला तरी धा जणांक सांगतत. बरा झालेलाच तेवढा सांगूक भियतत.” तिने मोबाइल प्लगमधून ओढून काढला. “जा, इंजिन बंद कर.”

“आवशी…”

“बंद कर म्हणतंय मां? डिझेल काय तुझ्या मामाच्या बापाशीचा आसा?”

तो गेला. थोड्या वेळाने खालची धडधड थांबली. ती परत बाकावर बसली. तिचे हात तिने पाटीखाली घातले होते, ते मी तेव्हा पाहिलं.

मी कामाला लागले. सिममधले सगळे मेसेज उतरवून घेतले, मग सिम मोकळं केलं. पेटी पुन्हा बोलू लागली. पहिला आला तो जयवंतीच्या मोबाइलवरून मी पाठवलेला. मग निखिलेशची ती ओळ शोधली आणि ट्रिम काढून टाकला. नोंदवलेल्या नंबरवरून लांबी एकचा मेसेज आला, तर होडी पोचली असं धरायचं.

“बंदराच्या रकान्यात काय घालूचा?” मालंडकर आता फार मऊ बोलत होते.

“काही नाही. कोरा ठेवायचा.”

“कोरो?”

“काका, मला आता कोऱ्यावर काही विचारू नका.”

उतरवून घेतलेले मेसेज मी पुन्हा यंत्रणेतून फिरवले, आणि सातेरीची ओळ हिरवी झाली. दालनात आम्ही तिघंच होतो आणि कोणी हुश्श केलं नाही. भिंतीवरचा रंग मीच बदलला होता, समुद्राने नव्हे. खिडकीतून दांडा दिसत होता. पाणी उतरत चाललं, तसतशा लाटा आणखी उंच फुटत होत्या. जयवंतीने तिकडे पाठ केली होती.

त्या रात्री मी मालंडकरांच्या घरी राहिले. त्यांच्या बायकोने तीनदा भात वाढला. मालंडकर जेवले नाहीत.

सातेरी आली ती तिसऱ्या दिवशी, पाणी नितळ झाल्यावर. मी पेटी तपासायचं निमित्त काढून मुद्दाम गेले होते. कारवारच्याही पुढे एका खाडीत त्यांनी आसरा घेतला होता. रेंजसाठी टेकडी चढावी लागे आणि बॅटरी टिकवायला मोबाइल बंद ठेवावा लागे, हे मागाहून कळलं.

होडीने दांडा ओलांडला. विश्राम कोयंडे कंबरभर पाण्यात उतरले आणि चालत पुळणीवर आले. शिडशिडीत, पिकलेल्या मिशांचा माणूस. त्यांनी वाळूवर नारळ फोडला, पाणी समुद्राला दिलं. बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, पण आधी गळ्यात बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढला. तो डोळ्यांपासून लांब धरून ते एका बोटाने दाबू लागले. फार वेळ लागला. मालंडकर माझ्या शेजारी ‘अरे, समोर आसंव आमी’ असं पुटपुटत होते.

वर सोसायटीत पेटी टूं झाली. लगेच त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. यंत्रणेचं आपोआप जाणारं उत्तर आलं होतं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

“‘आपली नोंद आधीच झाली आहे.’” त्यांनी मान वर केली. “आधीच? मी तर तो शब्द आता लिवतंय. ह्येंका आधी कसा कळला?”

मी तोंड उघडणार होते. मालंडकरांनी वाळूकडे बघायला सुरुवात केली होती.

“तुमी काय लिवल्यात नाय, म्हणान,” जयवंती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालू लागली.